हिमनदीसमोरचा ग्रुप फोटो

सुमंत कानविंदे यांनी अर्धी अमेरिका पालथी घातली आहे, पण पाहिलेली मात्र फारशी नाही. ॲरिझोनातल्या चँडलरच्या मराठी मंडळाच्या सगळ्या सहली त्यांच्याच अंगावर. चिप बनवणाऱ्या कारखान्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झाल्यावर तर त्यांनी हा उद्योग हौसेनं गळ्यात बांधून घेतला. नायगाऱ्याला सगळे तुषारांत भिजत होते, तेव्हा काका बॅगा राखत बसले होते. यलोस्टोनला गरम पाण्याचं कारंजं उडालं, तेव्हा ते पार्किंगमध्ये हरवलेल्या एका मावशींना शोधत होते. ग्रँड कॅन्यनला बिनकांद्याचं जेवण मिळवण्याच्या खटपटीत सूर्य मावळला. जेवण मिळालं म्हणा. परतताना लोक "काका, काय सीन होता!" म्हणाले की ते मनापासून खूश व्हायचे. आतल्या आत थोडं टोचायचं, पण ते कुणाला सांगायचे नाहीत.

यंदा अलास्काची क्रूझ ठरली आणि प्रतिमाताईंनी नवऱ्याला दटावलं, "अहो, सत्तरी आली. या वेळी बर्फाचा कडा पडताना तुम्ही बघायचाच. लोकांचं लोक बघून घेतील."

काकांनाही तेच हवं होतं. ॲरिझोनाच्या भट्टीत उभी हयात काढलेला माणूस तो. बोट हिमनदीपाशी पोचायची होती त्या दिवशी दोन स्वेटर आणि कानटोपी चढवून ते सकाळीच डेकवर कठड्याला चिकटले. समोर निळसर बर्फाची प्रचंड भिंत उभी होती आणि तिच्यासमोर बोट थांबली होती. तरंगत्या बर्फावर सील मजेत लोळत होते. स्पीकरवरून सांगितलं गेलं, बोट तासभर थांबेल. कडा पडेल किंवा पडणारही नाही.

तेवढ्यात कुणाचा तरी हातमोजा खाली केबिनमध्ये राहिला. मग एका काकूंना चहा हवा झाला. सांगायला गेलं तर दोघांनाही पाय होते, पण काका धावलेच. दर वेळी ते धापा टाकत परत यायचे आणि विचारायचे, "पडला नाही ना?" नाही म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

तास संपत आला आणि बोट हळूहळू वळायला लागली. आता काही पडत नाही, म्हणून मंडळातल्या ज्ञानदानं बॅनर उलगडला. "काका, ग्रुप फोटो! तुम्हीच काढा ना, बाकी कोणी काढला की डोकी कट होतात!"

"दुसऱ्या कुणाला तरी द्या हो तो फोन!" प्रतिमाताई ओरडल्या, पण बॅनरचं एक टोक त्यांच्याच हातात होतं.

काकांनी उसासा टाकला आणि फोन घेतला. सगळे कठड्याला पाठ लावून ओळीत उभे राहिले. "अनय, तू उंच आहेस, मागे हो. हं, आता हसा!"

सगळे हसले. आणि त्यांच्या डोक्यांवर, पार मागे, ती निळी भिंत हलली.

काकांचा हात आपोआप खाली आला. एखाद्या इमारतीएवढा कडा सुटला आणि उभाच्या उभा, अगदी गुपचूप, पाण्यात उतरला. पाणी आभाळाकडे झेपावलं. इकडे सगळे अजून दात काढून उभे होते. मग गडगडाट पोचला. दचकून सगळे वळले, तोवर तिथे नुसता फेस उरला होता.

"पडला! अगं, केवढा पडला!" काका दोन स्वेटरांसकट उड्या मारत होते.

"काका, फोटो?" ज्ञानदानं विचारलं.

"कसला फोटो? मी बघत होतो!"

सगळे हसून हसून बेजार झाले. प्रतिमाताईंनी बॅनर सोडून दिला आणि नवऱ्याचा दंड धरला. "अहो, आमची सगळ्यांची पाठ होती हो! सांगा ना, कसा पडला?"

काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते त्यांनी पुसलंही नाही. दोन्ही हात उंच करून ते म्हणाले, "आधी वरती एक बारीक भेग दिसली..." आणि सगळं मंडळ त्यांच्याभोवती गोळा झालं.