बर्फात उभ्या दोन स्की

नोल्फा मला पहिल्यांदा दिसली ती मी शिकवते त्या शाळेच्या अंगणात, बगळ्यासारखी एका पायावर. दुसऱ्या पायातली स्की तिने मागे उचलून धरली होती आणि तळाला चिकटवलेली कातडी सोलत होती. चढताना घसरू नये म्हणून आमच्याकडे सगळेच ती लावतात. उतरण्याआधी काढावी लागते. बाकीची पोरं त्यासाठी सरळ स्की काढून ठेवत.

"बाई, वर बर्फाखाली भेगा असतात," ती मला म्हणाली. "स्कीवर वजन पसरतं. बाबा म्हणतात, स्की काढली की माणूस सुईसारखा आत जातो."

मोठी झाल्यावर ती वडिलांबरोबर, म्हणजे रोसामेलबरोबर, लोकांना आमच्या ज्वालामुखीवर नेऊ लागली. ऑक्टोबरातल्या एका रविवारी, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धातल्या ऐन वसंतात, मीही गेले होते. माथ्याजवळ थांबलो. मी कातडी सोलण्यात गुंतलेली. मान वर केली तर रोसामेलच्या दोन्ही स्की बर्फात रोवलेल्या, आणि रोसामेल नाही. शेजारी रांजणाच्या तोंडाएवढं निळं भोक.

ज्याने अख्ख्या गावाला शिकवलं, त्याने स्की काढली?

"हलू नका, बाई!" नोल्फा पोटावर आडवी झाली. "बाबा! बाबा!"

काहीच नाही. पुन्हा हाक. मग खोलातून आवाज आला, "ओरडू नकोस. पडलोय, बहिरा नाही झालो."

तिने सरपटत जाऊन त्याचीच एक स्की बर्फात आडवी पुरली, तिला दोर बांधला, खाली सोडला. त्याने तो कमरपट्ट्यात अडकवला. कप्पी लावून आम्ही दोघींनी ओढलं. वर आलेला चेहरा पिठासारखा पांढरा होता.

"स्की का काढलीत?" नोल्फाने विचारलं.

"गुडघा वाकत नाही गं. हिवाळ्यापासून."

"मग सांगितलं का नाहीत?"

"घरी बसवलं असतंस."

"बसवलंच असतं!" ती म्हणाली, आणि दोर गुंडाळायला लागली.

पुढच्या रविवारी निघण्याआधी तिने सगळ्यांना घराच्या अंगणात, स्की पायातच ठेवून कातडी सोलायला, एका पायावर उभं केलं. वडिलांनाही. रोसामेलने स्की उचलली आणि भिंतीला हात टेकला.

"बाबा, वर भिंत नसते."

त्याच्याशी असं कोणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्याने स्की काढल्या, भिंतीला टेकवल्या आणि आत गेला.

आता नोल्फा एकटीच लोकांना वर नेते. रोसामेल पायथ्याच्या झोपडीत त्यांच्यासाठी भोपळ्याच्या पुऱ्या, आमच्या सोपायपिया, तळतो.