‘जातों’ म्हणणारे रघोत्तमराव

घरातून निघताना ‘येतो’ म्हणायचं, ही रीत आपल्याकडेही आहे आणि चेन्नईतही. माझ्या समोरच्या दाराचे रघोत्तमराव मात्र कुलूप लावता लावता ठणकावून सांगत, "जातों!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चरकले. "अहो, असं अभद्र काय बोलता?" तर म्हणाले, "येतों म्हटलें की वचन झालें, बाई. वचन देणें मज होत नाही."

हे चाळिशीचे तंजावरी मराठी गृहस्थ तांबरमच्या कॉलेजात गणित शिकवत. वेस्ट मांबलमहून रोजचा लोकलचा प्रवास, पण पास कधी काढला नाही. "उद्यां जाईन की नाही, कोणास ठाऊक?" मी तरी कुठली शहाणी? बँकेच्या बदलीवर येऊन तीन वर्षं झाली तरी माझी अर्धी खोकी बांधलेलीच होती, आणि लग्नाचा विषय निघाला की मीही पळ काढायची. म्हणूनच आमचं जमलं. सकाळची कॉफी त्यांची, रात्रीची पोळीभाजी माझी. हळूहळू मी खोकी सोडायला घेतली. शेवटचं तर त्यांनीच सोडलं आणि दोरी नीट गुंडाळून ठेवली. म्हणाले, "लागेल पुन्हां."

नवरात्रात खालच्या मामींनी बाहुल्यांचा गोलू मांडला होता. प्रसादाची हरभऱ्याची उसळ, सुंडल, वाटता वाटता त्यांनी भरल्या घरात आम्हा दोघांना विचारलं, "कल्याणम् एप्पो? लग्न कधी?" माझ्या ओठांवर ‘बघू की’ आलं होतं, आणि ते मी हसून म्हणणार होते. तेवढ्यात रघोत्तमराव तमिळमध्ये काहीतरी बोलले आणि मला नीट कळावं म्हणून मराठीतही बोलले, "आम्ही शेजारी अहों. इतकेंच."

मी डूख धरला. ते कॉलेजात असताना त्यांचा गॅस सिलिंडर आला. एरवी मीच उतरवून घ्यायची. त्या दिवशी म्हटलं, "मी शेजारीण आहे, इतकंच." सिलिंडर परत गेला. चार दिवस हॉटेलचा दहीभात खाऊन त्यांचं तोंड उतरलं आणि मला, खोटं कशाला सांगू, झोप छान लागली. पण तेवढ्यानं उट्टं निघालं नव्हतं. मला त्यांच्याच तोंडून ‘परत या’ ऐकायचं होतं.

पुढे मी भाचीच्या बारशाला आठ दिवस सोलापूरला निघाले. जाण्याआधी मी रिकामी खोकी दाराबाहेर रचली आणि वर त्यांचीच दोरी ठेवली. त्यांनी बिचकत विचारलं, "बदली?" मी नुसती हसले.

एग्मोरला गाडी सुटायच्या बेतात असताना रघोत्तमराव घामाघूम होऊन माझ्या खिडकीशी आले. खिशातून लोकलचा पास काढून दाखवला. महिन्याचा नव्हे, तीन महिन्यांचा! म्हणाले, "जाऊन या, बाई. परत या."

तो शब्द ऐकून माझं काळीज लक्कन हललं. पण गोलूची संध्याकाळ मी विसरले नव्हते.

"जाते," मी म्हटलं.

गाडी हलली. परतीचं तिकीट पर्समध्ये होतं, आणि आठ दिवस मी त्यांना ते कळू देणार नव्हते.