लाल दोऱ्याचा टायर

भूतबित असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. वरठीच्या कारखान्यात मशीन मेंटेनन्समध्ये वीस वर्षं काढलेला माणूस आहे मी... कुठे आवाज आला की आधी बेअरिंग बघणार. तरी हे लिहायला बसलोय, कारण मागच्या वर्षी भंडाऱ्यात, सकाळी अकराच्या उन्हात, टायरच्या दुकानात जे झालं ते मला अजून उलगडलेलं नाही.

आधी बाबांबद्दल सांगतो. त्यांचं हातमागाच्या कापडाचं दुकान होतं. विणकराकडून साडी आली की डोळे मिटून तिच्यावर तळहात फिरवायचे. खोट सापडली की काठाला कोशाच्या रेशमाचा लाल दोरा बांधायचे आणि टोकं दातांनी तोडायचे. लाल दोरा म्हणजे हा माल गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. मग त्या साड्या जायच्या कुठे? आईकडे. तिनं जन्मभर खोट असलेल्या साड्या नेसल्या, आणि जन्मभर बाबांना त्यावरून ऐकवलं.

बाबा जाऊन वर्ष झालं होतं. त्यांची जुनी पांढरी कार अंगणात उभी, टायरांना भेगा पडलेल्या. बायको म्हणायची, भंगारात द्या. पण आईचे गुडघे गेलेले... दुसऱ्या उंच गाडीत तिला चढताच येत नाही, हीच बुटकी जमते. आणि तिला करडीला जायचं होतं, आजारी भावाला भेटायला. "मले एकदा त्याले डोळ्यानं पाहू दे बाप्पा," रोज तेच.

बारा इंची रिमचे टायर आता सहज मिळत नाहीत. दुकानदार गुलाबभाऊंनी कुठून कुठून चार जमवले. मी मोटरसायकलनं जाऊन बघितले. साईज बरोबर. एका टायरवरचे बनवल्याच्या तारखेचे चार आकडे वाचले — पहिले दोन आठवड्याचे, मागचे दोन वर्षाचे. ताजा माल. चारही सारखेच दिसत होते, म्हणून भिंतीला लावून ठेवायला सांगितले आणि घरून गाडी अन् आईला घेऊन तासाभरात परत आलो.

तीन टायर तसेच होते. चौथ्यावर... नव्या टायरला ते रबराचे बारीक केस असतात ना, त्यातल्या एकाला लाल दोरा बांधलेला.

"गुलाबभाऊ, हे काय बांधलं?"

"मी कायले बांधू? मी इथंच बसून आहो भाऊ, कोणीच नाही आलं."

मी वाकून त्या टायरचे आकडे वाचले. सात वर्षं जुना. नक्षी तीच, साईज तीच. आतल्या कडेवर बोट फिरवलं तर बारीक चीर लागली. गुलाबभाऊंचा चेहराच उतरला. "माफ करजा भाऊ. गोदामातला जुना मिसळला वाटते."

लहानपणी दुकानात दहादा खाल्लेली बाबांची बोलणी आठवली — "वरची घडी पाहून अख्खं थान कायले घेतलं बे?" खरं सांगतो, भीती नाही वाटली. डोळे भरून आले.

तो केस गाठीसकट तोडून मी गाडीत बसलेल्या आईच्या हातावर ठेवला. तिनं दोऱ्याची चावलेली, पिंजलेली टोकं पाहिली. "त्यायचीच गाठ होय. कुठून आणला?"

सांगितलं सगळं. दुपारपर्यंत चौथा टायर दुसरीकडून आणवला, चारही टायरांचे आकडे नीट वाचले, मग निघालो.

बाबांचं दुकान विकलं तेव्हा दोऱ्याचं बंडलही गेलं होतं. आई तासभर घरीच होती, गुलाबभाऊ बाबांना ओळखतही नव्हते. मी हर तऱ्हेनं विचार करून पाहिला. तुमच्याकडे उत्तर असेल तर सांगा.

गाडी कारध्याच्या पुलावर आली. आई तो दोरा पदराच्या टोकात बांधत म्हणाली, "जन्मभर लाल दोऱ्याचं सारं मलेच आणून देल्लं तुह्या बाबानं. हे एकच माह्यापर्यंत येऊ नाही देल्लं."