एकोणपन्नासाव्या वर्षी फोर्कलिफ्ट

गोदामाच्या नोटीस बोर्डावर तो कागद लागला तेव्हा टेपताईंनी तो तीनदा वाचला. फोर्कलिफ्टच्या, म्हणजे पुढच्या लोखंडी दातांनी माल उचलणाऱ्या गाडीच्या, ड्रायव्हरच्या तीन जागा. प्रशिक्षण कंपनी देणार, परीक्षेच्या संधी दोन, वयाची अट पन्नासच्या आत. ताईंना एकोणपन्नास पूर्ण होऊन चार महिने झाले होते. अशी भरती यापूर्वी सहा वर्षांमागे निघाली होती.

"कुणासाठी बघताय ताई?" पॅकिंगच्या टेबलावरच्या एकीने विचारलं.

"स्वतःसाठी."

टेबलावरच्या सातही जणी हसल्या. ताईही हसल्या आणि हसत हसतच जाऊन अर्ज घेऊन आल्या.

चिकटपट्टीचं रीळ कायम मनगटात अडकवलेलं असायचं म्हणून त्यांचं नाव टेपताई पडलं होतं. तेवीस वर्षं त्या त्याच टेबलावर होत्या. खोकं नुसतं उचलून वजन सांगायच्या, आणि काट्यावर शंभर ग्रॅमसुद्धा इकडचं तिकडे होत नसे. नव्या आलेल्या सगळ्या त्यांच्याच हाताखाली शिकल्या. 'असं नाही, असं' हे वाक्य ताईंनी लोकांना हजारदा ऐकवलं होतं. त्यांना ते कुणी ऐकवलं त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. हे सुखाचं होतं, आणि अलीकडे त्याचाच कंटाळा यायला लागला होता. पण कामात तरबेज माणसाने कंटाळा आला म्हटलं की लोक म्हणतात, सुख बोचतंय. म्हणून त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या.

शिकवायला होते मामा, गोदामातले सगळ्यात जुने ड्रायव्हर. शिकणारे तिघं. बाकीचे दोघं तिशीच्या आतले.

"या गाडीचं सगळं उलटं," मामा पहिल्या दिवशी म्हणाले. "पुढची चाकं सरळच राहतात, वळतात ती मागची. तुम्ही उजवीकडे वळलात की हिची शेपटी डावीकडे फेकली जाते. म्हणून वळताना नुसतं पुढे बघू नका, शेपटीवर डोळा ठेवा."

ताईंनी मान डोलावली. दहाव्या मिनिटाला त्यांच्या गाडीची शेपटी रिकाम्या बादल्यांच्या थप्पीला लागली. थप्पी आधी एका बाजूला कलली, विचारात पडल्यासारखी थांबली आणि मग धाडधाड कोसळली. सगळं गोदाम वळून बघायला लागलं. पॅकिंगच्या टेबलाने टाळ्या वाजवल्या.

"किती पडल्या?" मामांनी विचारलं.

"मोजल्या नाहीत."

"मोजा आणि रचा. त्यात तुमचा हात कोण धरणार?"

चाळीस होत्या. ताईंनी त्या रचल्या, परत सीटवर बसल्या, पट्टा लावला. कान तापले होते, छाती धडधडत होती. धडधड नुसत्या लाजेची नव्हती. कामामुळे आपल्या काळजाचा ठोका शेवटचा कधी चुकला होता, ते त्यांना आठवेना.

घरी जेवताना नवऱ्याने चौकशी केली. तो चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा. मिलिमीटरात विचार करणारा माणूस.

"कुठे आपटलीस वगैरे नाहीस ना?"

"आपटले. चाळीस बादल्या."

त्याने चमचा खाली ठेवला. "मग?"

"मग रचल्या. अहो, रविवारी सामान आणायला मीही येते. मला ती ढकलगाडी हवीय."

दुकानातल्या ढकलगाडीची पुढची चाकं फिरती असतात आणि मागची सरळ. ती दांड्याच्या बाजूने ओढत नेली की फिरती चाकं मागे येतात, आणि गाडी अगदी फोर्कलिफ्टसारखी वागते. हे ताईंना बसमध्ये बसल्या बसल्या सुचलं होतं. रविवारी साबणाच्या आणि बिस्किटांच्या रांगांमधून त्या ढकलगाडी उलटी ओढत फिरल्या. नवरा चार पावलं लांबून, ओळख नसल्यासारखा चालत होता.

"लोक बघतायत," तो पुटपुटला.

"बघू देत. तुम्ही शेपटी बघा. कपाटाला लागतेय का?"

त्याने बघितलं. त्याला राहवेना. "डावीकडे वीतभर आहे," तो म्हणाला. "आता चार बोटं. आता थांब." अर्ध्या तासात दोघांनी साबणाचा कोपरा नऊ वेळा घेतला आणि साबण घ्यायचाच विसरले.

गाडीपेक्षा अवघड होतं ते वेगळंच. मामा विचारायचे, "समजलं?" ताई म्हणायच्या, "हो." इतकी वर्षं लोक त्यांनाच विचारत आले होते. न कळल्याचं कबूल करायची सवयच मोडली होती. आठवडाभराने मामांनी गाडी बंद केली. "ताई, तुमचं तोंड हो म्हणतं आणि हात नाही म्हणतात. मी कुणाचं खरं मानू?"

त्या दिवशी ताई पहिल्यांदा म्हणाल्या, "नाही समजलं. परत दाखवा." दुसऱ्या दिवशी अकरा वेळा म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी बाकीचे दोघं त्यांच्या गाडीजवळ येऊन उभे राहायला लागले. त्यांनाही तेच विचारायचं होतं, धीर होत नव्हता.

पहिल्या परीक्षेला सुरक्षा अधिकारी बाई वही घेऊन आल्या. वळणं झाली, उलटी गाडी नेऊन झाली, शेपटी कुठे लागली नाही. शेवटी खोकी रचलेला लाकडी पाट, पॅलेट म्हणतात तो, उचलून तिसऱ्या फळीवर ठेवायचा होता. ताईंनी तो ठेवला. दोन बोटं वाकडा बसला. तेवीस वर्षांत त्यांच्या हातून वाकडं काही गेलं नव्हतं. त्यांनी पट्टा सोडला, खाली उतरल्या आणि फळीकडे निघाल्या, हाताने सरळ करायला. मागे इंजिन चालू, पुढचे लोखंडी दात हवेत.

"थांबा," बाई म्हणाल्या. "बाकी सगळं बरोबर होतं. गाडी चालू ठेवून उतरलात तिथे संपलं."

दुपारी टेबलावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. "जाऊ दे ताई, तुमची जागा कुठे गेलीय?" एक म्हणाली. ती प्रेमाने म्हणाली, आणि तेच ताईंना लागलं. जागा कुठेच गेली नव्हती. दुसरी संधी हुकली तर निवृत्त होईपर्यंत ती तिथेच असणार होती.

पुढचे तीन आठवडे त्या जेवणाची सुट्टी अर्धी करून मामांसोबत एकच गोष्ट गिरवत राहिल्या. पाट मुद्दाम वाकडा ठेवायचा, दात परत आत घालायचे, उचलायचा, मागे यायचं, सरळ ठेवायचा. वाकडा पाट दिसला की तो सरळ करायला हात वळवळायचे. "त्यांना सांगा, तुमची सुट्टी आहे," मामा म्हणायचे.

दुसऱ्या परीक्षेला पाट पुन्हा वाकडा बसला. ताईंनी एक श्वास घेतला. दांडा ओढला, पाट उचलला, मागे आल्या, पुन्हा ठेवला. अजून बोटभर वाकडा. पुन्हा काढला. तिसऱ्यांदा सरळ बसला.

"वेळ बराच लागला," बाई वहीत बघत म्हणाल्या.

"लागला," ताई म्हणाल्या. "मी नवी आहे. सरळ बसेपर्यंत ठेवत राहिले."

बाईंनी सही केली. मामांनी खिशातून रुमाल काढून सीट उगाचच पुसली.

सोमवारी ड्रायव्हरांच्या यादीत ताईंचं नाव शेवटी होतं, बारावं. सगळ्यात जुनी, सगळ्यात हळू गाडी त्यांच्या वाट्याला आली. तेवीस वर्षं पहिल्या नंबरावर राहिलेल्या बाईला तळाचा नंबर इतका आवडेल असं त्यांना स्वतःलाही वाटलं नव्हतं. यादीसमोर त्या जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या.

साडेनऊला ट्रक लागला. बाकीचे पाच मिनिटांत एक खेप करत. ताईंना चौदा लागली. ट्रकवाला ट्रकच्या फाळक्याला टेकून बघत होता.

"नवीन आहात का?" त्याने विचारलं.

"आज पहिलाच दिवस," ताईंनी वरून सांगितलं. त्यांचा आवाज जरा मोठाच लागला, पॅकिंगच्या टेबलापर्यंत गेला.

ट्रकवाला बाजूला सरकला आणि मागच्या बाजूला जाऊन उभा राहिला. "या मग सावकाश. इकडे हातभर जागा आहे."

ताईंनी शेपटीकडे एक नजर टाकली आणि दुसऱ्या खेपेसाठी गाडी मागे घेतली.