न लाभणारं घर

निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, मी घरं बघायला जायला लागले. आयुष्यभर दवाखान्यात नर्स म्हणून ड्यूट्या केल्या. फंडाचे पैसे हातात आले आणि मला एकच ध्यास लागला: भाडं देणारं एक घर, माझ्या एकटीच्या नावावर. माहेरच्या शेताची हक्कसोड मी भावांना कधीच करून दिलेली, राहतं घर यांच्या नावावर. सातबारा घ्या नाहीतर लाईटबिल, माझं नाव कुठंच नव्हतं.

आमचे हे कुर्डुवाडीचे, रेल्वेतले. वेळापत्रकात नसलेली गोष्ट त्यांना पटत नाही. "एफडी कर आणि निवांत झोप," एवढंच त्यांचं म्हणणं. नातेवाईक म्हणाले, पुणे रोडला प्लॉट घे. आमच्याकडे प्लॉट घ्यायचा, चार कोपऱ्यांत दगड पुरायचे आणि दर दसऱ्याला जाऊन वेड्या बाभळी तोडून नारळ फोडायचा, याला गुंतवणूक म्हणतात. मला बाभळी सांभाळायच्या नव्हत्या.

माझी पद्धत साधी होती. वर्षाचं भाडं मांडायचं. त्यातून घरपट्टी, दुरुस्ती आणि एखाददोन महिने घर रिकामं राहील ते वजा करायचं. उरेल ते किमतीशी ताडून बघायचं. एजंटांचा मला राग यायचा, कारण ते मला "काकू" म्हणत आणि आकडे यांच्याकडे बघून सांगत. मी मुद्दाम यांना पुढच्या चौकात चहाला बसवून एकटी घरं बघू लागले. काय मजा यायची म्हणून सांगू! परक्याच्या घरात शिरून भिंती ठोकून बघायच्या, नळ सोडून बघायचा, आणि कोणी काही बोलायचं नाही.

अशात विड्या वळणाऱ्या बायकांच्या गल्लीत एक घर निघालं. खाली दोन खोल्या आणि अंगण, वर दोन खोल्या. मालक पुण्याला मुलाकडे गेलेले, वर कुलूप. खाली मंद्रूपकडची एक बाई भाड्यानं राहत होती, मेसचे डबे करणारी. किंमत इतकी कमी की माझं हिशोब मांडणारं डोकं चक्रावलं. एवढं स्वस्त म्हणजे कुठंतरी पाणी मुरत असणार.

किंमत ऐकून त्या दिवशी हेही चहा सोडून बरोबर आले होते. बाईनं आम्हाला दारातच गाठलं.

"घेऊ नका वो अक्का. नळाला पानी येत न्हाय. पावसात भिंती गळत्यात." मग आवाज उतरवून यांच्याकडे बघत म्हणाली, "आन् खरं सांगू का? ही जागा लाभत न्हाय कुनाला."

झालं. ओल काढता येते, पाइप बदलता येतो, पण न लाभणाऱ्या जागेवर औषध नाही. हे तिथूनच मागं फिरले. एजंट कपाळाला हात लावून म्हणाला, "हे तिसरं गिऱ्हाईक."

मी मात्र बाहेर पडता पडता दाराशेजारची भिंत बघितली होती. तिथं लग्नाचा गणपती रंगवलेला, खाली 'शुभ विवाह'. एक गणपती जुना, फिकट. दुसरा ताजा, लालभडक. भाड्याच्या घराची भिंत कोण एवढ्या हौसेनं रंगवून घेतं?

माझी झोप उडाली, पण आनंदानं. गल्लीत पाण्याचा दिवस कुठला ते मी विडीवाल्या बायकांकडून काढलं आणि त्या दिवशी सकाळीच एकटी जाऊन थडकले. अंगणात नळ धो धो चालला होता. हंडे, पिंपं, पातेली सगळं भरून वरची टाकी वाहत होती, आणि ते पाणी ती कढीपत्त्याच्या झाडाला सोडत होती. मला बघून तिच्या हातातली नळी खाली पडली.

मी विचारलं, "दोन पोरींची लग्नं याच दारातनं केली ना?"

"व्हय."

"आणि घर लाभत नाही?"

ती पायरीवर बसली. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "नवा मालक आला की आधी मला भाईर काढंल. या वयात चूल घिऊन कुटं जाऊ? माझं डबं समदं याच गल्लीत हायेत."

मला तिचा राग यायला हवा होता, पण मला इतका आनंद झाला होता की तिला मिठी मारावीशी वाटली. ज्या घरातून भाडेकरू हलायला तयार नाही, त्याहून चांगलं घर कुठं मिळणार? वर्षातले रिकामे महिने मी हिशोबातून तिथल्या तिथं उडवले.

मी म्हटलं, "मी घेतलं तर तुम्ही इथंच राहायचं. भाडं मात्र थोडं वाढेल."

ती उठली, मला हाताला धरून मागच्या बाजूला घेऊन गेली आणि म्हणाली, "भिंती गळत न्हाईत. पर ह्यो जिना फुडच्या पावसाळ्यात पडंल. मालकाला सांगून किंमत आनखी उतरवा."

किंमत उतरली. जिन्याची खोट निघाल्यावर यांनाही हायसं वाटलं. खोट सापडली की व्यवहार खरा, असं त्यांचं रेल्वेतलं गणित.

खरेदीखताच्या दिवशी दोन साक्षीदार हवे होते. एक एजंट. दुसरी ती, नवं इरकली लुगडं नेसून, आधार कार्ड पिशवीत गुंडाळून आलेली. कारकुनानं कार्ड बघितलं, कागद बघितला, पुन्हा कार्ड बघितलं.

"मावशी, विकायच्या घराचा पत्ता आणि तुमचा पत्ता एकच कसा?"

"माझंच घर हाय की त्ये," ती म्हणाली.

कारकून माझ्याकडे बघू लागला. हे घसा खाकरून काही समजावायला पुढं झाले, त्यांना मी कोपरानं मागं सारलं.

"बरोबर सांगतात त्या," मी म्हटलं, आणि मालकीण म्हणून अंगठा पुढं केला.