पहिल्या वेळचं नको

मुलाकडे जर्मनीला जायचं ठरलं, तेव्हा मुळशीतल्या आमच्या स्वयंपाकघरात सून आम्हा दोघांना हॉटेलात बोलण्यापुरतं जर्मन शिकवू लागली. मी रोज पाठांतर करायचो. बायको भाकरी थापता थापता नुसती ऐकायची.

एकदा सून वेटर झाली आणि तिनं जर्मनमध्ये विचारलं, कॉफी घेणार का?

मी अदबीनं म्हणालो, "नाइन, डांके." नको, आभारी आहे.

बायको म्हणाली, "या, बिट्टे." हो, द्या ना. तिला कॉफी मिळाली, वर शाबासकी.

"अगं, मला आग्रह तरी कर!" मी सुनेला म्हणालो.

"मामा, तिकडे आग्रह नसतो. नको म्हणजे नको."

"व्हय, मग बसा तसंच," बायको घोट घेत म्हणाली.

पाहुण्यांकडं पहिल्याच वेळी हो म्हटलं की मला चिमटा काढणारी हीच! जर्मनीत ऑर्डर तिनंच द्यायची, असंही दोघींनी ठरवून टाकलं.