बाबांच्या मयताची कॅसेट

बाबा गेले तेव्हा मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. विषय भारदस्त: आंतरराष्ट्रीय स्थलांतराचं राजकारण आणि जागतिक न्याय. राजोडीकडच्या आमच्या गावात तो कुणाला समजावून सांगायची सोय नव्हती. "म्हंजे विमानाची तिकिटं काढायला शिकवतात काय?" असं शेजारच्या काकांनी विचारलं होतं. त्यांचं तरी काय चुकलं? गावातून परदेशी गेलेली माणसं त्यांना तिकिटाच्या दिवशीच दिसायची. माझी मोठी बहीणही आखातात होती. तिथल्या एका घरात मुलं सांभाळायची.

सरांनी एकदा फळ्यावर लिहिलं, आपला देश सोडण्याचा आणि आपल्या देशात परत येण्याचा हक्क प्रत्येक माणसाला आहे. मी विचारलं, "सर, पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात असेल तर?" सर भला माणूस. खडू खाली ठेवून म्हणाले, "तो भाग पुढच्या सत्रात आहे." पुढच्या सत्रापर्यंत बाबा काही थांबले नाहीत.

मालकिणीने पासपोर्ट दिला नाही. मुलांच्या परीक्षा होऊ देत, मग बघू, म्हणाली. फोनवर ताई नुसती रडत होती. आमच्याकडे बाहेरगावचं माणूस येईपर्यंत मयत बर्फावर ठेवतात, तसं आम्हीही ठेवलं. गावातल्या बायका रोजरीची प्रार्थना म्हणत बसल्या, मधेच कुणीतरी विचारायचं, "निघाली काय?" दुसऱ्या दिवशी फादर आईजवळ बसले आणि म्हणाले, आता उरकायला हवं. मग ज्या घरातलं माणूस पोचू शकत नाही त्या घराने करायचं ते आम्ही केलं. शूटिंगवाला बोलावला.

तो मनवेलपाड्याचा, सगळा सराव लग्नांचा. सवयीने "जरा इकडे बघा" म्हणायचा आणि मग जीभ चावायचा. मला त्याचा राग येत होता आणि हसूही, आणि हसू आलं म्हणून आणखी रडू. चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना झाली. शवपेटीचं झाकण लावायच्या वेळी आईने हात आडवा केला आणि ती कॅमेऱ्याकडे वळली. उभ्या जन्मात तिने फोटोला नीट तोंड दिलं नव्हतं. आता सरळ भिंगात बघत म्हणाली, "बाय, तुझा बाप गेला. आता पुरं झालं. पासपोट हातात आला का निघून ये. मीठभाकर खाऊ, पन परत जाऊ नको."

शूटिंगवाल्याला या वेळी 'इकडे बघा' म्हणावं लागलं नाही.

कॅसेट गावातल्या एकाबरोबर पाठवली. तिथल्या विमानतळावर ती तपासणीसाठी काढून घेतली, आणि गेली ती गेलीच. इथे शूटिंगवाल्याने तोवर मूळ टेपवर कुणाचं तरी लग्न उतरवलं होतं. माणसाला सीमेवर कसं अडवतात यावर मी परीक्षेत पानंच्या पानं लिहून आले होते. आईचं बोलणंही अडवतात, हे मला कुठल्याच पुस्तकाने सांगितलं नव्हतं. मी धुमसत राहिले. पण रागवायचं कुणावर? तिथल्या त्या अधिकाऱ्याचं तोंडसुद्धा मी पाहिलेलं नव्हतं.

ताई आली ती पुढच्या उन्हाळ्यात, महिनाभराच्या रजेवर. तोवर घराचं चित्र पालटलं होतं. वाडीत केळी लावणारं कुणी उरलं नव्हतं आणि घर तिच्या पगारावर चालत होतं, माझ्या फीसकट. थडग्यावर फुलं ठेवून आल्यावर ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, "आई, सगळं सांग."

आईने सांगितलं. कोण कोण आलं, गाणी कुठली झाली, पेटी कुणी उचलली, बाबांना कुठला शर्ट घातला. ताई मधे मधे डोळे पुसत ऐकत होती. मग तिने विचारलं, "नि तू माझ्याशी काय बोललीस? शेजारीण सांगत होती, तू कॅमेऱ्यात माझ्याशी बोललीस."

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला नाय आठवत." आणि एक खडा बाजूला टाकत, "तिकीट कुठल्या वारचं हाय तुझं?"

मला फार वाईट वाटलं. दोघींचंही.

जायच्या दिवशी ताईला विमानतळावर सोडायला मीच गेले. रिक्षात ती बॅग मांडीवर घेऊन बसली होती. मला राहवलं नाही. आई काय बोलली होती ते मी तिला शब्दन्‌शब्द सांगितलं.

ती बाहेर बघत होती. "ठाऊक आहे गं," म्हणाली. "आई दुसरं काय बोलणार? पण त्या दिवशी ओट्यावर तोंडाने म्हणाली असती ना, तर मी गेले नसते."